निळं की गुलाबी

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, हे मामा भाचीला आधीच सांगून टाकत. जमिनीतून तेल काढायच्या एका मैदानावर म्हणे वाफ इतकी दाट, की कावळे एका बाजूने काळे शिरत आणि दुसऱ्या बाजूने धुऊन पांढरेशुभ्र बाहेर पडत. त्या वाफेच्या पोटात, बॉयलरच्या खोलीत, एक तरुण एकटाच काम करी. बोलायला माणूस नाही. डबासुद्धा तो दाब दाखवणाऱ्या काट्यासमोर उघडायचा… तेवढीच सोबत.

विहिरीतून तेलाबरोबर घाण पाणी यायचं. त्यावरचा तवंग काढायचा, पाणी गाळायचं, त्यातले क्षार काढून जडपणा घालवायचा, आणि त्याचीच वाफ करून घट्ट तेल पातळ करायला पुन्हा जमिनीत सोडायची. जड पाणी बॉयलरमध्ये शिरलं की नळ्या फुटल्याच म्हणून समजा. त्यासाठी मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, प्रयोगशाळेत, पाण्यात औषधाचे थेंब टाकून बघत. निळं झालं तर बॉयलरचं पाणी चालू, गुलाबी झालं तर बंद. मग तसा फोन.

एकदा फोनवर नेहमीच्या म्हाताऱ्या खोकल्याऐवजी कोवळा आवाज आला.

"निळं."

"काय निळं?" तो गडबडला.

"तुमचं पाणी. दुसरं काय असणार?"

तेव्हापासून त्याला पाण्याची भलतीच काळजी लागली. घटका झाली की फोन. ती त्याला वाफसाहेब म्हणे, तो तिला बाईसाहेब. वाफेपायी एकमेकांचं तोंड मात्र पाहिलेलं नाही. शेवटी त्याने धीर करून विचारलंच, की पाण्याचं कळलं… तुमचं काय?

पलीकडून उत्तर आलं,

"ज्या दिवशी मी गुलाबी म्हणेन— त्या दिवशी या."

पुढे तिची बदली झाली. न्यायला आलेली गाडी दारात उभी असताना तिने फोन केला. एकच शब्द बोलली, "गुलाबी," आणि ठेवला.

"तसा तो धावत सुटला," मामा रंगात आले. वाफ दुभंगली, पांढरे कावळे वाट दाखवत पुढे उडाले, ती गाडीतून उतरली, तिने हात पुढे केला—

"खोटं," भाची म्हणाली. इतका वेळ ती भिंतीवरच्या घड्याळासमोर मांडलेलं मामांचं एकुलतं एक ताट बघत होती. "गुलाबी म्हटल्यावर तू आधी पाणी बंद करत बसलास, मामा… आणि गाडी गेली."