बाबांच्या कानातली मशीन

ही गोष्ट खरी आहे.

पटली नाही तर सोडून द्या, पण थट्टा करू नका. कारण जिच्यासोबत हे घडलं ती संध्या आजही अमरावतीत, बडनेरा रोडजवळच्या त्याच घरात राहते.

रात्र नव्हती. मे महिन्यातली टळटळीत दुपार होती.

वऱ्हाडातली मे महिन्याची दुपार ज्याने पाहिली, त्याला वेगळं सांगायला नको. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दारं बंद, पडदे ओढलेले, आणि घराघरात फक्त कूलरची घरघर.

संध्या घरात एकटीच होती. दहावीच्या मुलांना ती कॉम्प्युटरवरून गणित शिकवायची. कानाला बिनवायरचा हेडफोन लावून ती पडद्यावरच्या फळ्यावर भूमितीची आकृती काढत होती.

अचानक मुलांचे मेसेज यायला लागले.

"मॅडम, आवाज येऊन नाही राहिला."

तिने पाहिलं. हेडफोनचं कनेक्शन तुटलं होतं. तिने परत जोडला. जोडला गेला... आणि पुन्हा तुटला.

कॉम्प्युटरला खोचलेला ब्लूटूथचा डोंगल काढून परत लावला. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. तेच. शेवटी वैतागून तिने मुलांना सुट्टी दिली आणि अकोल्याला आपल्या धाकट्या भावाला, अश्विनला फोन लावला. तो कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करायचा.

"ताई, डोंगल जुना आहे तुझा. एका वेळी एकच जोडते तो," अश्विन म्हणाला. "दुसरं काही जोडलं गेलं असंन. यादी उघडून पाह्य बरं."

तिने ब्लूटूथची यादी उघडली.

वरती तिचा हेडफोन होता. नॉट कनेक्टेड.

त्याच्या खाली...

'पंजाबराव'. कनेक्टेड.

संध्याच्या हातातला माउस तिथंच थांबला.

पंजाबराव म्हणजे तिचे बाबा.

ते एसटीत ड्रायव्हर होते. इंजिनाच्या आवाजात जन्म गेला, त्यात कानही गेले. म्हातारपणी विसरभोळेपणा आला आणि तो वाढतच गेला. अश्विनने त्यांच्यासाठी कानात घालायची चांगली मशीन आणली होती, ब्लूटूथवाली. कॉम्प्युटरवर लावलेली भजनं थेट त्यांच्या कानात वाजायची. यादीत त्या मशीनला बाबांचं नाव अश्विननेच दिलं होतं.

गेल्या कार्तिकात कौंडण्यपूरच्या यात्रेत, गर्दीच्या एका लोटात, संध्याच्या हातातून त्यांचा हात सुटला.

पोलिसांनी शोधलं. नावाडी वर्धा नदीत उतरले. गावोगावी फोटो लावले. माणूस सापडला नाही. चप्पलसुद्धा सापडली नाही. आणि मशीन... ती त्यांच्या कानातच होती.

"ताई? काय दिसलं?"

तिने सांगितलं.

अश्विन म्हणाला, "जुनी नोंद राहिली असंन. काढून टाक."

तिने काढली. यादीतून नाव गेलं.

कूलर घरघरत होता.

नाव परत आलं.

'पंजाबराव'. कनेक्टेड.

"हे कसं होईन!" अश्विनचा आवाज बदलला. "ताई, ब्लूटूथ काही लांब जात नाही. तीसेक फूट, बस. ती मशीन तुझ्या घरातच पाहिजे, नाहीतर दाराशी."

दाराशी...

संध्या धावलीच. अनवाणी. फाटक उघडून रस्त्यावर आली. डांबर चटके देत होतं. "बाबा! बाबा!" इकडे कोणी नाही, तिकडे कोणी नाही. बोळात पाहिलं, गच्चीवर जाऊन पाहिलं. घरात येऊन पलंगाखाली पाहिलं, कपाटं उघडली.

कोणीच नाही.

"त्या मशीनला माइक आहे," अश्विन फोनवरून म्हणाला. "त्याचा आवाज कॉम्प्युटरच्या स्पीकरवर काढता येते. मी सांगतो तसं कर."

तो सांगत गेला, ती करत गेली. शेवटचं बटण दाबलं.

स्पीकरमधून खरखर आली...

आणि घरघर.

तिला वाटलं, कूलरच ऐकू येतोय. खरंच, कूलरच होता. तिच्या खोलीतला. स्पीकरमधून.

"अश्विन..." ती पुटपुटली.

"अश्विन..." स्पीकरमधून तिचाच आवाज परत आला.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून हाक मारली. आवाज स्पीकरमधून लांबून आल्यासारखा आला. पलंगाजवळ आली, थोडा जवळून. ती एकेक पाऊल टाकत, "बाबा, बाबा" म्हणत, घरभर फिरली.

सगळ्यात मोठा आवाज आला तो तिच्या खुर्चीजवळ.

खुर्चीच्या अगदी मागे.

तिथं रिकामी भिंत होती, आणि कॅलेंडर.

संध्या कशीबशी खुर्चीत बसली. मागे वळून पाहायची हिंमत होत नव्हती.

मग स्पीकरमध्ये कोणीतरी खाकरलं...

"संध्ये... कुठी गेली वं?"

फोनवर अश्विनने ऐकलं. तो मोठा माणूस, दोन लेकरांचा बाप, फोनवर हुंदके देऊन रडायला लागला. "बाबाच आहेत, ताई. बाबाच आहेत!"

"बाबा, मी अठीच आहो! अठीच!" संध्या ओरडली.

"कोनीच बोलून नाही राहिलं माह्यासंग..."

त्यांना ऐकू जात नव्हतं. ते तिच्या मागे उभे होते, आणि त्यांना तिचं एक अक्षर ऐकू जात नव्हतं.

आपला हेडफोन जोडला तर त्यांच्या मशीनचं कनेक्शन तुटणार. मशीन जोडलेली ठेवली तर आपण बोलायचं कशातून? तिला काही सुचेना. मग एकदम सुचलं... भजनं! भजनं तर त्यांच्या कानात जात होती.

तिने अश्विनचा फोन कापला. मोबाइलवर आपला आवाज रेकॉर्ड केला. वायर लावून तो कॉम्प्युटरमध्ये घेतला आणि भजनं सोडायची तसाच मशीनकडे सोडला.

'बाबा, मी संध्या. तुमी कुठी आहा?'

खरखर थांबली.

मग बाबा हसले. जुनं, ओळखीचं हसू.

"अवं, मी त घरीच आहो. तूच कुठी गेली?"

पडद्यावर मशीनच्या नावापुढचं बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. तिने घाईघाईने पुन्हा मोबाइल उचलला. रेकॉर्ड करायला तोंड उघडलं, पण रडण्याशिवाय काही निघेचना.

तेवढ्यात स्पीकरमधून पुन्हा आवाज आला. हळू. तिच्या कानाला लागून बोलल्यासारखा.

"संध्ये, लवकर ये वं घरी..."

"तुह्या खुर्चीत कोनी बाई बसून आहे."



"कोन आहे वं हे? कावून रडून राहिली?"

आणि आवाज बंद झाला.

'पंजाबराव'. नॉट कनेक्टेड.

कूलर चालूच होता.

अश्विन दिवेलागणीला अकोल्याहून पोहोचला. त्याने डोंगल बदलला, सगळं पुसून नव्याने टाकलं. यादीत ते नाव परत आलं नाही. दोघं बहीणभाऊ त्या भिंतीसमोर बसून राहिले.

निघायच्या वेळी तो म्हणाला, "ताई, सामान भर. एकटी नको राहू अठी. अकोल्याले चाल माह्यासंग."

संध्याने बॅग काढली. कपडे भरता भरता बाबांचं कपाटही उघडलं, तर खालच्या कप्प्यात मशीन चार्ज करायची छोटी डबी होती. दोन खाचांची. मशीन खाचेत बसली की दिवा लागायचा, नाहीतर नाही.

तिने ती उचलली. का ते तिलाही सांगता येत नाही, पण वायर लावून कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवली. झाकण उघडं. दोन्ही खाचा रिकाम्या.

बॅग भरून ती त्या खोलीत परत आली...

डबीचा दिवा लागलेला होता.

तिने बोट घालून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

अश्विनने हाक मारली, गाडीचा हॉर्न वाजवला. शेवटी तो आत आला, दिवा पाहिला, आणि एकटाच अकोल्याला गेला.

संध्या तिथंच राहते. क्लास बंद केले. त्या खोलीत ती फारशी जात नाही. पण लाइट गेली की तिचा जीव खालीवर होतो, आणि गावाला जायचं कोणी म्हटलं की ती एकच विचारते...

"त्या डबीजवळ कोन थांबंन?"