पाणी, काठी, हात

"अगं, तू शेकोटी पेटवतेयस की गवत पेरतेयस?" भोपळ्यानं विचारलं.

मुंगीचं सगळं लक्ष गवताकडे होतं. ती गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर घाम जमला होता. एका हातात लोखंडी पट्टी, दुसऱ्या हातात पेन्सिलीएवढी काळी धातूची कांडी. पट्टीनं कांडी खर्रकन खरवडली की पांढऱ्याशुभ्र ठिणग्या पडायच्या खऱ्या, पण त्याच झटक्यात तिचा हात पुढे जायचा आणि वाळक्या गवताचं मेहनतीनं रचलेलं घरटं उधळून जायचं. मग पहिल्यापासून सुरुवात.

"याला फेरो रॉड म्हणतात," दादा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाला. "पाण्यात पडला तरी पुसून घेतला की चालतो."

"कांडी चालतेय रे, मुंगीच चालत नाहीये," भोपळा म्हणाला.

सुट्टी लागली की मुंगी आणि तिचा दादा तळ्याकाठी मावशीकडे यायचे. मावशी तिथे सुट्टीवर आलेल्या लोकांना राहायला तंबू द्यायची. भोपळा हा मावशीचा मुलगा. अंगानं गोल, स्वभावानं सुस्त. मुंगी या दोघांपेक्षा लहान, आणि वयाच्या मानानंही चणीनं लहान, म्हणून मुंगी. तळ्याच्या मागे सगळं कोरडं ठणठणीत जंगल होतं. त्यामुळे फाटकावरचे रखवालदार आजोबा आत येणाऱ्या प्रत्येकाकडून काड्यापेट्या आणि लायटर काढून घेत आणि पत्र्याच्या डब्यात कुलूपबंद करून ठेवत. विस्तव पेटवायचा तो फक्त पाण्याजवळच्या दगडी रिंगणात, आणि तोही मावशीनं, तिच्या त्या एका कांडीनं.

मावशी मुंगीमागे येऊन उभी राहिली. "पट्टी ढकलू नकोस. पट्टी जागच्या जागी घट्ट धर आणि कांडी मागे ओढ. मग ठिणगी पडते तिथेच पडते आणि घरटं हलत नाही."

मुंगीनं कापसाचा बोळा पिंजून घरट्यात ठेवला, पट्टी रोखून धरली आणि कांडी सर्रकन मागे खेचली. कापसावर एक पिवळा ठिपका दिसला. तो पसरला. गवतानं पेट घेतला आणि बघता बघता काटक्या तडतडू लागल्या. मुंगीला इतका आनंद झाला की तिनं बसल्या जागी उडीच मारली.

"शाबास. उद्या संध्याकाळची शेकोटी तू एकटीनं पेटवायची," मावशी म्हणाली. "पण आता विझव. पेटवणाऱ्यानंच विझवायचं. पाणी, काठी, हात."

हा मावशीचा नियम पोरांना पाठ होता. आधी भरपूर पाणी ओतायचं. मग काठीनं राख ढवळून पुन्हा पाणी. शेवटी तळहाताची मागची बाजू राखेजवळ न्यायची आणि हळूच टेकवायची. ती थंडगार लागेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. मग भोपळ्याला कितीही भूक लागलेली असो.

दुसऱ्या दिवशी दुपारभर कांडी मुंगीच्या खिशात होती. ती रिंगणात बसून सराव करत होती. मावशी बाजारात गेली होती, दादा आणि भोपळा तळ्याच्या वळणापलीकडे डुंबत होते. संध्याकाळी मात्र असा वारा सुटला की मावशीनं शेकोटीच रद्द केली. मुंगी हिरमुसली. "उद्या नक्की," मावशी म्हणाली.

आणि त्या उद्याची सकाळ उजाडली तीच वाईट बातमी घेऊन. रखवालदार आजोबा मिशा ताठ करून तंबूंपाशी आले.

"तळ्यापलीकडे, त्या मोठ्या झाडाखाली कोणीतरी विस्तव पेटवला होता. वर माती लोटलीय, पण कडेनं काळं झालेलं दिसतंय. काल दुपारी मी तिकडून गेलो तेव्हा काही नव्हतं. काड्यापेट्या सगळ्या माझ्या डब्यात आहेत. मग राहिलं काय? तुमची ती कांडी. काल कोणाकडे होती?"

मुंगी पुढे आली. "माझ्याकडे," ती म्हणाली. "पण मी रिंगणाबाहेर गेलेच नाही."

"तुला कोणी पाहिलं?"

कोणीच पाहिलं नव्हतं. आजोबांनी हात पुढे केला आणि मुंगीनं निमूटपणे कांडी त्यांच्या हातावर ठेवली.

शेजारच्या तंबूबाहेर एक काका आणि काकू कॉफी पीत बसले होते. काका एरवी गप्प बसणाऱ्यातले नव्हते. तंबूची दोरी कशी बांधावी, कलिंगड कसं कापावं, आजोबांनी शिट्टी कोणत्या खिशात ठेवावी, सगळ्यावर त्यांच्याकडे सूचना तयार असायच्या. पोरांनी त्यांचं नावच सूचनाकाका ठेवलं होतं. आज मात्र ते कपात डोकं घालून बसले होते.

आजोबा गेल्यावर मावशीनं मुंगीला जवळ घेतलं. "माझा तुझ्यावर विश्वास आहे. पण माझ्या विश्वासानं त्यांची खात्री पटणार नाही ना? जंगलाची जबाबदारी त्यांच्यावर आहे. खरं काय ते कळेपर्यंत शेकोटी बंद."

मुंगीला रडू आवरेना. शेकोटी गेल्याचं दुःख होतंच, पण 'तुला कोणी पाहिलं?' हा प्रश्न तिला जास्त झोंबला होता. आजोबा रोज तिला हाक मारून फाटकावरच्या झोपाळ्यावर बसवायचे, आणि आज त्यांनी तिच्याकडे धड बघितलंही नव्हतं.

"रडून कोणाचं भलं झालंय?" दादा पुस्तक मिटत म्हणाला. दादानं पुस्तक मिटलं म्हणजे प्रकरण गंभीर. "चला, झाड बघून येऊ."

"बादली घेऊ या," मुंगी डोळे पुसत म्हणाली.

"बादली कशाला?"

"मावशी बादलीशिवाय विस्तवापाशी जाते का कधी?"

मोठ्या झाडाखाली माती आणि पाचोळा लोटून एक ढिगारा केला होता. वरून सगळं विझल्यासारखं दिसत होतं. दादा भोवती फिरून काड्यापेटीतली जळकी काडी शोधू लागला. मुंगीनं मात्र सवयीनं तळहाताची मागची बाजू ढिगाऱ्याजवळ नेली आणि हात झटकन मागे घेतला.

"दादा, हे गरम आहे!"

दादानं काठीनं माती उकरली. खाली झाडाचं एक वाळकं मूळ होतं आणि त्याच्या आत लालबुंद निखारा गुपचूप पुढे सरकत चालला होता. मुळाच्या टोकाशी वाळक्या पानांचा गुडघाभर थर होता.

मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. भोपळा, जो ताटावर जायलाही आळस करतो, तो तळ्याकडे वाऱ्यासारखा पळाला. बादली ओतली तसा चर्र आवाज झाला आणि वाफेचा लोट उठला. काठी, पुन्हा पाणी, पुन्हा काठी. तिघंही चिखलानं माखले तेव्हा कुठे ती जमीन मुंगीच्या हाताला थंड लागली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"जळकी काडी कुठेच नाही," दादा म्हणाला. "पण हे बघ काय सापडलं."

कापसाची एक गोल, चपटी चकती होती, अर्धी जळालेली.

"असल्या चकत्यांनी शेजारच्या काकू रोज तोंड पुसतात," भोपळा म्हणाला. "आणि काकांच्या किल्ल्यांना एक काळी कांडी लटकते. मला वाटलं, छोटं पेन असेल."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबांनी काड्यापेट्या घेतल्या, लायटर घेतले. पण किल्ल्यांच्या जुडग्याकडे कोण बघतो?

"जाऊन सरळ विचारू या," भोपळा म्हणाला.

"आणि ते म्हणाले, शोभेची वस्तू आहे, तर?" दादानं विचारलं. "चकत्या काय, कोणाकडेही असतात."

मुंगी विचार करत होती. विचार करता करता तिला हसू यायला लागलं. "त्यांना विचारायचंच नाही," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर फक्त चूक करायची."

दुपारी दादा फाटकावर गेला. झाडाखालचं सगळं त्यानं तिथेच सांगितलं नाही. आधी खरं बाहेर येऊ दे, असं मुंगीनं बजावलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडची ती कांडी थोडा वेळ हवीय. तुमच्याच देखत, रिंगणातच, शेजारी पाण्याची बादली ठेवून. तुम्ही फक्त बसा आणि बघा." आजोबांनी भुवया उंचावल्या, पण आले.

रिंगण सूचनाकाकांच्या तंबूसमोरच होतं. मुंगीनं घरटं रचलं, तेही इतकं गबाळं की मावशीनं तोंडावर हात ठेवला. मग तिनं पट्टी पुढे ढकलली. ठिणग्या एकीकडे, गवत दुसरीकडे. पुन्हा रचलं, पुन्हा उधळलं. तिसऱ्यांदा तिनं कांडी उलटी धरली.

सूचनाकाकांची खुर्ची करकरली. ते उठले, बसले, परत उठले. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इथे तोंडाला कुलूप लावून बसण्याची खवखव जास्त होती.

"काय करतेयस पोरी?" शेवटी त्यांच्यानं राहवेना. "ढकलतेस कशाला? पट्टी स्थिर, कांडी मागे. आणि असल्या नुसत्या गवतानं सात जन्मांत पेटणार नाही. कापूस हवा कापूस!"

"कसं म्हणता, काका?" मुंगीनं भोळेपणानं डोळे मोठे केले.

"हो बाजूला." काकांनी खिशातून किल्ल्यांचं जुडगं काढलं, तंबूतून कापसाची एक चकती आणली, ती पिंजली आणि किल्ल्यांची कांडी झर्रकन ओढली. पहिल्याच ठिणगीत चकती पेटली.

"वा," आजोबा शांतपणे म्हणाले. "हातात सफाई आहे तुमच्या."

काका फुलून गेले. "हे काहीच नाही हो. काल तर वारा सुटला होता, तरी एका झटक्यात..."

ते थांबले. किल्ल्या त्यांनी घाईनं खिशात टाकल्या.

"तरी मी सकाळपासून सांगतेय, जाऊन कबूल करा," काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या.

काकांचा चेहरा पडला. "विस्तवावरची कॉफी प्यायची हौस आली," ते हळू आवाजात म्हणाले. "पण मी विझवलं होतं, खरंच. चांगली माती टाकली. सकाळी तुम्ही रागावून आलात आणि मला बोलायचं धैर्यच झालं नाही. पोरीवर आळ आला, तरी गप्प बसलो. चुकलं माझं."

"काका, मातीखाली निखारा जिवंत राहतो," मुंगी म्हणाली. "आज सकाळी तो मुळातून पानांकडे निघाला होता."

आजोबा ताडकन उठले. "काय? अजून पेटता होता?"

मावशीनं पेटत्या चकतीवर बादली ओतली आणि सगळे झाडाकडे धावले. तिथे चिखल होता, उकरलेलं मूळ होतं आणि काठाशी भोपळ्याच्या पावलांचे ठसे होते. आजोबांनी जमिनीला हात लावला आणि बराच वेळ तो तसाच ठेवला. मग पानांच्या त्या थराकडे आणि पुढच्या जंगलाकडे पाहिलं.

"मीही इथे उभा होतो," ते म्हणाले. "नुसतं पाहिलं आणि कोणावर ओरडायचं ते ठरवून निघालो. हात काही लावला नाही." ते मुंगीकडे वळले. "पोरांनो, आज तुम्ही नसता तर हे जंगल वाचलं नसतं. आणि तुझ्यावर मी उगाच संशय घेतला."

त्यांनी कांडी तिच्या हातात दिली. मग किल्ल्यांची कांडी कशी ओळखायची, काळा रंग खरवडला गेल्यानं ती मधेच कशी चकाकते, हे तिच्याकडून नीट समजून घेतलं. सूचनाकाकांची कांडी डब्यात गेली. मुक्काम संपेपर्यंत रिंगणासाठी पाणी भरायचं काम मावशीनं त्यांच्याकडे दिलं. ते त्यांनी आनंदानं पत्करलं. फक्त पहिल्याच खेपेला, बादली कोणत्या हातात धरावी हे ते भोपळ्याला सांगू लागले, तेव्हा काकूंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

संध्याकाळी सगळे रिंगणाभोवती बसले. मुंगीचा पहिला झटका वाया गेला. काकांनी ओठ इतके घट्ट मिटले की गाल फुगले. दुसऱ्या झटक्याला कापसावर पिवळा ठिपका उमटला आणि शेकोटी पेटली. बटाटे भाजले गेले आणि भोपळ्यानं त्यांतले किती खाल्ले ते विचारूच नका. आजोबाही बसले आणि मुंगीला त्यांनी स्वतःशेजारी जागा दिली.

उठायची वेळ झाली तसं मुंगीनं पाणी ओतलं. काठीनं राख ढवळली. पुन्हा पाणी ओतलं. मग तळहाताची मागची बाजू राखेवर टेकवली.

आजोबा काठी टेकत उभे होते. रोज शेकोटी विझली की ते स्वतः वाकून खातरजमा करत आणि मगच घरी जात.

"काय म्हणतो हात?" त्यांनी विचारलं.

"थंड," मुंगी म्हणाली.

"बरं तर," आजोबा म्हणाले, आणि न वाकता घराकडे चालू लागले.