ट्रेमधला पांढरा कागद

ज्यांना खोटं वाटेल त्यांना खुशाल वाटू दे. मी कोणाच्या हातापाया पडणार नाही. पण हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि आत्ता लिहितानाही तो ट्रे माझ्या समोर पडलाय.

चौदा वर्षांपूर्वीचा मंगळवार. भर दुपार.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. माझी नाही. बाहेर असं ऊन होतं की हँगरच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा.

मी छोट्या विमानांचा मेकॅनिक. माझा मोठा भाऊ, दादा, त्याच ठिकाणी वैमानिक. आणि आम्हा सगळ्यांवर वस्ताद. वस्तादांनी मला हातात पाना धरायला शिकवलं आणि डोक्यात एक खूळ भरून दिलं... तेलाचा एक थेंबही सांडता कामा नये.

या विमानांचा ऑइल फिल्टर इंजिनाच्या पाठीमागे आडवा बसवलेला असतो. नुसता फिरवून काढला की आतलं काळं तेल खालच्या वायरींवर भळभळ सांडतं. मग पुसत बसा दिवसभर. वस्तादांची रीत वेगळी. फिल्टरला वरून एक भोक पाडायचं. प्लॅस्टिकची बाटली उभी कापून तिची पन्हळ करायची आणि फिल्टरखाली सरकवायची. तेल निथळेपर्यंत गप्प बसायचं. मग हलक्या हाताने फिल्टर काढायचा. खाली जमिनीवर पत्र्याचा ट्रे, आणि ट्रेमध्ये कोरा पांढरा कागद.

कागदावर डाग दिसला की मेकॅनिकने सगळ्यांना चहा पाजायचा.

उड्डाणाआधी दादा मुद्दाम वाकून कागद बघायचा. "छोट्या, आज पण चहा नाही का रे?" असं म्हणून पाठीत एक धपाटा घालायचा. लागोपाठ सदतीस फिल्टर मी कोरे काढले होते. नाही म्हटलं तरी थोडी हवा डोक्यात गेलीच होती.

अडतिसावा त्या मंगळवारी होता.

त्या दिवशी मी शहाणपणा केला. फिल्टर सुटताच तसाच्या तसा पिशवीत घातला, गाठ मारली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. का, तर नेताना थेंब पडू नये. एरवी मी काढलेल्या फिल्टरचं तोंड बघायचो. त्याच्या तोंडाला एक रबरी रिंग असते. ती फिल्टरबरोबर निघून यायला हवी. इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर बसवला तर एकावर एक दोन रिंगा होतात. जमिनीवर सगळं कोरडं दिसतं. वर गेल्यावर, तेल तापलं आणि दाब वाढला की वरची रिंग सटकते... आणि मिनिटांत इंजिन कोरडं.

त्या दिवशी मी तोंड बघितलं नाही.

इंजिन चालवून पाहिलं. कुठे गळती नाही. वस्तादांनी काम न बघताच सही केली. तुझ्या कामात बघायचं काय, असं मला म्हणाले. दादाने कागद बघितला, धपाटा घातला आणि गेला.

तो गेला तेव्हा साडेतीन वाजले होते.

अर्ध्या तासानंतर मी हँगरमध्ये एकटा झाडत होतो. विमान गेलेलं, जागा मोकळी. मधोमध तेवढा ट्रे.

टप्.

मला वाटलं, नळ असेल. पण हँगरमध्ये नळच नाही.

टप्... टप्.

वळून बघितलं. कोऱ्या कागदावर तीन थेंब. मधासारखे पिवळे. वापरलेलं तेल काळं असतं हो. हे नवं तेल होतं. तासाभरापूर्वी मीच ओतलेलं.

वर बघितलं. वर काहीच नव्हतं. नुसतं छप्पर.

आणि मग थेंबांची धार झाली. इंजिन जिथे असतं, बरोबर तेवढ्याच उंचीवरून... हवेतून.

 डोक्यात एकच गोष्ट आली. मी डब्याकडे धावलो, पिशवी फाडली आणि फिल्टर उलटा केला.

तोंडाला रिंग नव्हती.

ऑफिसात रेडिओ होता. धडपडत पोचलो. वस्ताद तिथेच बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी दादाला हाक मारली. पहिल्याच हाकेला उत्तर आलं.

"सगळं ठीक आहे रे छोट्या. येतोय."

मी म्हटलं, दादा, आत्ताच्या आत्ता कुठेही उतरव, माझ्या हातून चूक झालीय. तो हसला. नेहमीसारखाच हसला. पुन्हा म्हणाला, "येतोय."

मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि ढसाढसा रडलो. आनंदाने. माझा भाऊ परत येत होता.

पाऊण तास वाट बघितली.

मग फोन आला. विमान दगडांच्या खाणीत पडलं होतं. त्यातलं घड्याळ तीन बावन्नला बंद पडलं होतं. पडताना बघणाऱ्यांनीही तीच वेळ सांगितली.

मी त्याच्याशी चार दहाला बोललो होतो.

हँगरमध्ये परत गेलो. ट्रे कोरडा. कागद पांढराशुभ्र. त्यावर एक डागसुद्धा नव्हता.

माझी चूक मी स्वतःच्या तोंडाने वहिनीला सांगितली. ती एवढंच म्हणाली की तू मुद्दाम केलं नाहीस. पण तेव्हापासून तिने माझ्या नजरेला नजर दिली नाही. वस्तादांनी तो ट्रे कपाटात बंद केला आणि काम सोडलं. पुढे ते वारले, त्याच्या आदल्या दिवशी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाले, "रेडिओवरचा आवाज मीही ऐकला होता रे."

एवढ्यावर संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

दादाची मुलगी, आमची चिमणी, तेव्हा सात वर्षांची होती. आता ती विमान चालवते. मी हात जोडले, भांडलो, चार महिने अबोला धरला. ती बापासारखीच हट्टी. मग एक दिवस वहिनी हँगरमध्ये आली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. जमिनीकडे बघत म्हणाली, "तिच्या विमानाला तूच हात लाव. दुसऱ्या कोणाला लावू देऊ नकोस."

तिने मला माफ केलं की शिक्षा दिली, ते मला अजून कळलेलं नाही.

आता मी प्रत्येक रिंग तीन-तीनदा बघतो आणि खिशात ठेवतो. तेल सांडलं तर सांडू दे, गेला तो चहा खड्ड्यात. गेल्या महिन्यात चिमणी पहिल्यांदा एकटी वर गेली. मी खिशातली रिंग घट्ट धरून उभा होतो...

टप्.

आवाज बंद कपाटातून आला.

कुलूप काढलं. ट्रे तसाच होता. पण त्यात नवाकोरा कागद होता. तो कोणी ठेवला, मला माहीत नाही. त्यावर पिवळा थेंब.

रेडिओवर ओरडलो. "सगळं ठीक आहे काका. येतेय," चिमणी म्हणाली. आणि आली, हसत उतरली. मी तिचे दोन्ही हात चाचपून बघितले. गरम होते. तिला सगळं सांगितलं, तर म्हणाली, काका, तुम्ही थेंब मोजा, मी माझे उड्डाणाचे तास मोजते.

त्यानंतर ती जेव्हा जेव्हा वर जाते, तेव्हा ट्रे वाजतो. प्रत्येक वेळी मी विचारतो. प्रत्येक वेळी तेच उत्तर. आजवर सहा वेळा ती आली.

आज सातवी वेळ.

कालच फिल्टर बदललाय. रिंग माझ्या समोर टेबलावर आहे. एकच, जशी हवी तशी. यावेळी माझी काही चूक नाही, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगतो.

साडेचारला यायची होती. आता पाच वाजून दहा मिनिटं झालीत. आज थेंब नाहीत... धार आहे.

आत्ता पुन्हा विचारलं. "सगळं ठीक आहे काका. येतेय."

आवाज तिचाच आहे.

दादाचाही दादाचाच होता.

ऑफिसातला फोन वाजतोय. मी उचललेला नाही.