उजवीकडचं ताट

दिवे मालवले आणि तिने अंधारात उजवीकडच्या ताटातला बटाटा उचलून तोंडात टाकला. इतिहासकारांच्या या परिषदेत जेवण आणि व्याख्यान एकदमच चालायचं. वक्ता पडद्यावर चित्रं दाखवायचा, आणि श्रोते चमच्याचा आवाज होऊ नये म्हणून जीव मुठीत धरून चावायचे. तिसऱ्या बटाट्याला मात्र तिच्या काट्यावर दुसरा काटा आपटला.

"राहू द्या," शेजारून कुजबुज आली. "मला काय, भाषणावरही पोट भरतं."

"हे... तुमचं ताट आहे?"

"होतं."

ती ओशाळली, आणि मग तिला हसूच आवरेना. पदर तोंडात कोंबून ती हसत राहिली. पडद्याच्या उजेडात तिला गळ्यापर्यंत बटणं लावलेला एक हडकुळा तरुण दिसला.

"मी जुन्या कपड्यांवर संशोधन करतो. मित्र बटणराव म्हणतात. तुम्ही?"

"बळीचा बकरा. जेवणानंतरचं पहिलं सत्र माझं आहे."

"म्हणजे पेंगायचं सत्र."

"पेंगले तर उपकारच होतील. अध्यक्ष आमचे सर आहेत."

सरांना सगळे विद्यार्थी पाठीमागे 'तोफ' म्हणत. तिला विभागात कायम घ्यायचं की नाही, हे सर आजचा निबंध ऐकून ठरवणार होते. तात्पुरत्या तासांवर दिवस काढून ती मेटाकुटीला आली होती, आणि हे सगळं त्या अंधारात, ओळखपाळख नसलेल्या माणसाला तिने सांगून टाकलं.

दिवे लागले. कॉफी घेताना तिने हौसेने त्याला आपला मुख्य पुरावा दाखवला. लॅपटॉपवर एक जुना फोटो होता. त्यात नदी, डाव्या काठावर मंडई आणि मंडईपुढे ओळीने उभे दुकानदार. पुढे ती मंडई आगीत जळाली. व्यापाऱ्यांना पलीकडच्या काठावर जागा मिळाल्याची नोंद होती, आणि आजची मंडई तर उजव्या काठावरच होती. म्हणजे आगीनंतर मंडई नदी ओलांडून गेली, असा तिचा निबंध.

तो लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून बघत राहिला.

"सगळ्या पुरुषांची बटणं डाव्या अंगाला आहेत," तो शेवटी म्हणाला. "पुरुषांचे शर्ट असे शिवत नाहीत. एखाद्याचं चुकेल, अख्ख्या मंडईचं कसं चुकेल? काचेची निगेटिव्ह छापताना पालथी पडली की डावं ते उजवं होतं. फोटो उलटा आहे."

तिच्या पायाखालची जमीन सरकली. फोटो उलटा, तर मंडई पहिल्यापासून उजव्या काठावरच होती. ती कुठे गेलीच नव्हती. आणि फोटो तर सरांच्या पुस्तकातला.

"हे आत्ता सांगताय?"

"सभागृहात कुणी उठून सांगितलं असतं तर..." तो खाली मान घालून म्हणाला, "मला बघवलं नसतं."

तिला त्याचा भयंकर राग आला होता. त्या शेवटच्या वाक्याने तो अर्धा उतरला, आणि उरलेला अर्धा उतरायला वेळ नव्हता. तिने फोटो सुलटा केला आणि त्याकडे टक लावून बघत बसली.

व्यासपीठावर तिने आधी उलटा फोटो दाखवला. मग एक बटण दाबून तो सुलटा केला.

"मघाच्या कॉफीपर्यंत माझा निबंध वेगळा होता," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "पलीकडे मोकळी जागा मिळत होती, तरी ही माणसं आपल्या जळक्या ओट्यांवरच परत आली. का आली, हे मला आता शोधायचं आहे."

पेंगणाऱ्या माना वर झाल्या. प्रश्नांसाठी हात उठले. सरांनी चष्मा काढला, तशी तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"फोटो माझ्या पुस्तकात असाच छापलाय," सर म्हणाले. "आजवर माझ्यासकट कुणाच्या लक्षात आलं नाही." आणि तोफ चक्क हसली. "भरसभेत आपली चूक सांगणारं माणूस विभागात हवंच. सोमवारपासून ये तू."

छातीवरचा धोंडा उतरला. तिला आता रडावंसं वाटत होतं आणि भूकही कडकडून लागली होती.

बाहेर पायऱ्यांवर तो चहाचे दोन कप घेऊन उभा होता.

"एक कबुली राहिली," तो म्हणाला. "फोटो मी सकाळीच परिषदेच्या पुस्तिकेत तुमच्या नावासोबत पाहिला होता. तुम्हाला सांगायचं म्हणूनच शेजारी बसलो. पण सुरुवात कशी करावी... तुमचं ताट डावीकडे होतं. दिवे गेल्यावर माझं मीच तुमच्याकडे सरकवलं."

"आणि मी मात्र चोरासारखी ओशाळले."

"ओशाळून हसलात ना, तिथे माझं सगळं फिसकटलं. अशा हसणाऱ्या माणसाला वाईट बातमी कशी द्यायची? कॉफीपर्यंत टाळत राहिलो. तुम्ही मला आवडलात — पुरावा काही नाही, नुसतं सांगतोय."

तिने त्याच्या हातातला एक कप घेतला. बोटांना बोटं लागली, ती तिने लगेच काढली नाहीत.

"उद्या जेवायला कुठे बसणार?" तिने विचारलं.

"तुम्ही म्हणाल तिथे."

"त्याच जागी," ती म्हणाली. "पण ताट सरकवू नका. उद्या मी दिवे असतानाच मागून घेईन."