वाढत जाणारी दुपार

भाऊजींची हार्ड डिस्क माझ्या सर्व्हरला जोडून दे, एवढंच ताईचं मागणं होतं. "टीव्हीवर मोठं दिसेल गं," म्हणाली. भाऊजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, आणि आल्यापासून तिने तोंड उघडून काही म्हणून मागितलं नव्हतं. मी कशाला नाही म्हणतेय!

सर्व्हर म्हणजे काही थोर प्रकरण नाही. ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर मी टीव्हीखालच्या कपाटात बसवलाय. त्यात आमचे सिनेमे, गाणी, फोटो. त्याचा पंखा असा घरघरतो की ताई त्याला 'आजोबा' म्हणते. मी लिफ्ट दुरुस्त करते. बंद पडलेली गोष्ट का बंद पडली हे कळेपर्यंत मला घास गोड लागत नाही. म्हणूनच पुढचं सांगताना माझं मलाच कसंतरी होतंय.

आजोबांनी आधी नखरे केले, डिस्क ओळखेचनात. मी वायर बदलली, डिस्कला वेगळी वीज दिली, तेव्हा कुठे निळा दिवा लागला. डिस्क मी फक्त वाचण्यापुरती जोडली. म्हणजे तिच्यातलं बघता येईल, पण त्यात भर घालता येणार नाही की काही पुसता येणार नाही. ताईची बोटं रिमोटवर कुठेही पडतात, उगाच घोळ नको.

आत एकच व्हिडिओ निघाला. त्यांच्या जुन्या घराची गच्ची, ऊन, ताई कपडे वाळत घालतेय. वाऱ्याने चादर तिच्या तोंडावर येते, ती चादरीतून डोकं बाहेर काढून हसते. कॅमेरा भाऊजींच्या हातात. "इकडे बघ की जरा." "पुरे झालं, बादली उचला आता." संपलं.

"एवढंच? एवढ्यासाठी माझी कंबर मोडली?"

"ते दिसतच नाहीत बघ यात," ताई म्हणाली. "नुसता आवाज."

पण त्या आवाजावर ती पोट भरून जेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कामावरून आले तर ती गुणगुणत होती. खरं सांगते, मला रडू आलं. ताई मला परत हवी होती, बाकी काही नको होतं. म्हटलं, बघू दे. रोज बघू दे.

मग एका दुपारी मी सोफ्यावर पाय पसरून तिच्यासोबत बघत होते. "बादली उचला" झालं, आणि व्हिडिओ संपला नाही. कॅमेरा बादलीजवळ वाकला, मग जिना उतरायला लागला. "मी आलोच," भाऊजींचा आवाज.

"हे आधी नव्हतं."

"होतं की. तुझं लक्ष कुठे असतं?"

मी फाइल तपासली. तारीख जुनीच, आकारही होता तेवढाच. फक्त व्हिडिओची लांबी वाढली होती. डिस्कवर काही लिहून बघितलं, तर तिने साफ नकार दिला. कुलूप शाबूत होतं.

त्यानंतर रोज दुपारी व्हिडिओ थोडा पुढे जायचा. झाडांची सावली पडलेला रस्ता, ओढून घेतलेली दुकानांची शटर्स, कुणी नसलेला बसथांबा. कुठेही माणूस नाही. नुसती पावलं आणि भाऊजींची शीळ. बघता बघता डोळ्यांवर झापड यायची, आणि जाग आली की वाटायचं, आपणच चालून आलोय. पाय खरोखर दुखायचे.

एके दिवशी पडद्यावर आमच्या कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान आलं. त्याची हिरवी पाटी. ती पाटी गेल्या महिन्यात लागली. भाऊजींना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि हे घर मी घेतलं त्यानंतर.

"ताई, बंद करूया."

"येऊ दे गं. वाटेतच आहेत."

मी उठून डिस्कची वायर उपटली. निळा दिवा विझला. पावलं चालूच. मी आजोबांचाही प्लग काढला. घरघर थांबली, आणि पावलं जास्तच स्पष्ट ऐकू यायला लागली.

पडद्यावर आमच्या इमारतीचा जिना होता. सकाळीच मी लिफ्टला तेलपाणी केलं होतं, तरी हा माणूस जिन्याने येत होता.

मी ताईचं मनगट घट्ट धरलं. "ताई, मी आहे ना इथे."

"आहेस गं बाई. तू होतीस म्हणून तर इतके दिवस निघाले." तिने माझी बोटं एकेक करून सोडवली, लहानपणी गर्दीतून घरी आल्यावर सोडवायची तशी. आणि ती दाराकडे गेली.

पडद्यावर आमचं दार उघडलं. दारात ताई, आजचाच निळा ड्रेस, केस मोकळे. तिच्यामागे आमची खोली दिसत होती, सोफा दिसत होता. मी सोफ्याला टेकूनच उभी होते, पण पडद्यावर तिथे कुणी नव्हतं.

मी दाराकडे धावले. बाहेर कुणी नाही. जिन्यात कुणी नाही.

चपला तिथेच होत्या.

पोलिसात तक्रार दिली. हवालदाराने विचारलं, "घरात काही वाद?" खालच्या काकूंनी दुपारभर दार उघडं ठेवलं होतं, त्यांच्यासमोरून कुणी उतरलं नाही. मी दवाखाने पालथे घातले. शेवटी काहीच उरलं नाही, तेव्हा डिस्क पुन्हा जोडली. तशीच, फक्त वाचण्यापुरती.

व्हिडिओ आता आमच्या दारापासून सुरू होतो. ताई पुढे चालते, कॅमेरा मागे. रस्ते माझ्या ओळखीचे नाहीत. तिचे गाल भरलेत. हसते. रोज दुपारी मी बघते, आणि बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आज भाऊजींनी तिला विचारलं, "बहिणीची आठवण येत नाही का गं?"

ताई थांबली. वळून कॅमेऱ्याकडे बघत राहिली. कपाळाला आठी घालून तिने मनापासून आठवून बघितलं.

"काय हो," ती म्हणाली, "मला कुठे बहीण आहे?"