अंगठा थोडा बुडू दे

रस्ता नवा झाला आणि जिजा दमायला लागली.

जुन्या रस्त्यावर खड्डे होते. पण खड्डा दिसला की चुकवता यायचा. खैरमाळ ते सातपिंपळची शाळा हे नऊ किलोमीटर ती सायकलवर चाळीस मिनिटांत काटायची. मग दिवाळीनंतर रस्त्यावर पातळ डांबर फवारलं, त्यावर खडी पसरली, रोलर एकदाच फिरवला आणि काम संपलं. खड्डे गेले. तरी आता पन्नास मिनिटं लागत होती. शाळेत पोचेपर्यंत हात बधिर व्हायचे आणि दुसऱ्या तासाला डोळे मिटायचे. विनाचालक बस या रस्त्यावर येतच नसे. उडालेल्या खडीने तिच्या कॅमेऱ्यांचे काचेचे डोळे फुटत.

गुरुवारी वर्गशिक्षिका मुलाणीबाईंनी तिला जवळ बोलावलं.

"आज तिसऱ्यांदा उशिरा आलीस आणि वर्गात झोपलीस, जिजा. मी रागावलेली नाही. पण असं किती दिवस चालणार? वसतिगृहात एक खाट रिकामी आहे. उद्या पुन्हा उशीर झाला, तर सोमवारपासून तू तिथे राहायचंस."

जिजा जागेवर जाऊन बसली. घरात ती आणि बाबा दोघंच. बाबा दिवसभर माळावरची, उन्हापासून वीज बनवणारी सौरपत्रं पुसत. संध्याकाळी दोघं मिळून भाकरी खात. ती गेली तर बाबा एकटेच जेवणार.

परतताना मैलाच्या दगडापाशी एक पिवळं यंत्र लिंबाच्या सावलीत उभं दिसलं. कमरेएवढं उंच, सहा चाकांचं.

"अर्जदार," ते क्षीण आवाजात म्हणालं, "मला उन्हात ढकलता का? चार्ज संपला आहे."

"मी अर्जदार नाही. मी जिजा खरात."

"मला शिकवलं त्या कार्यालयात येणारे सगळे अर्जदारच असतात. सवय लागली आहे."

जिजाने त्याला उन्हात ढकललं. "तू इथे काय करतोस?"

"नव्या रस्त्याचा खडबडीतपणा मोजतो. माझ्यात कंपनमापक (किती थरथर झाली ते नोंदवणारं साधन) आहे. एका चार्जमध्ये मी चौदा किलोमीटर जायला हवं. इथे आठव्यालाच थांबतो. बॅटरी तपासली, ती ठणठणीत आहे. मी दमतो का, हे माझ्या पुस्तिकेत लिहिलेलं नाही."

"मीपण दमते," जिजा खाली बसत म्हणाली. "आणि मला तर पुस्तिकाच नाही."

बसल्या बसल्या तिने त्याच्या चाकावर अंगठा दाबला. भरीव रबर होतं, जराही दबलं नाही. मग तिने आपल्या सायकलचं चाक दाबलं. तेही तसंच, दगडासारखं. ते तसंच असणार. बाबा रोज संध्याकाळी पंप मारत आणि अंगठ्याने तपासत. अंगठा बुडता कामा नये, हा त्यांचा नियम. जिजा दमून आली की ते आणखी दहा झटके जास्त मारत. तेवढंच त्यांच्या हातात होतं.

"तुझी आणि माझी चाकं सारखीच आहेत," ती हळूच म्हणाली. "हवा कमी केली तर?"

"मऊ चाक जड चालतं, असं सगळे अर्जदार सांगतात."

"बाबापण तेच सांगतात."

"मग मोजू या. माझ्या पेटीत जुना दाबमापक (चाकात हवा किती कोंबली आहे ते दाखवणारी तबकडी) आहे."

तबकडीने सत्तर पौंड दाखवले. जिजाने यंत्राचा कंपनमापक काढून सायकलला अडकवला, ती पुढच्या उताराच्या माथ्यावर गेली, पाय न मारता सायकल सोडली आणि ती आपोआप थांबेपर्यंत बसून राहिली. यंत्राने अंतर मोजलं : एकोणनव्वद मीटर.

"पुन्हा," यंत्र म्हणालं.

"पुन्हा? पाय दुखतायत माझे."

"एकदाच मोजलेलं म्हणजे ऐकीव गोष्ट."

तिने एकूण तीनदा केलं. एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव. मग तिने वॉल्व्हला हात लावला आणि थांबली. आत बाबांची मेहनत होती. तिने डोळे मिटले आणि फुस्स करून हवा सोडली, तबकडीवर पंचेचाळीस येईपर्यंत.

एकशे दहा. एकशे तेरा. एकशे बारा.

"तबकडी बिघडली असेल," जिजा म्हणाली.

"तबकडी बिघडली तरी अंतर खरंच आहे. तेवढ्याच उतारावरून तुम्ही बावीस मीटर जास्त गेलात. कंपनही निम्म्याने कमी झालं."

जिजा विचार करत राहिली. "कडक चाक खडीवर आलं की काय होतं?"

"खडी दबत नाही, चाक दबत नाही. मग सायकल आणि तुम्ही, दोघंही वर उचलले जाता. केसाएवढेच, पण एका मीटरमध्ये कितीतरी वेळा."

"आणि उचलायला जोर लागतो. तो माझ्या पायांतून जातो. पण खाली येताना तो परत मिळत नाही का?"

"चेंडू आपटला तर उसळतो. वाळूचं पोतं आपटलं तर?"

"धप्प. तिथेच."

"तुमचं अंग पोत्यासारखं आहे. स्नायू थरथरतात आणि ती ऊर्जा (काम करण्याची ताकद) उष्णता होऊन विरून जाते. मऊ चाकात मात्र रबराचा छोटासा भागच खडीभोवती दबतो आणि बराचसा जोर परत देतो. तुम्हाला उचलावं लागत नाही."

"म्हणजे बाबांचं चुकलं?"

"गुळगुळीत फरशीवर त्यांचंच बरोबर आहे. तिथे उचलणारं काही नसतं, आणि मऊ चाक उगाच दबत राहतं. पण फार मऊही करू नका. चाकाचं लोखंडी कडं आणि खडी यांच्यात ट्यूब चिमटली तर पंक्चर होईल."

संध्याकाळी बाबांनी सवयीने चाकावर अंगठा ठेवला. तो बुडाला.

"हवा कुणी सोडली?"

"मी."

बाबा पंप घेऊन उभे राहिले. "बाईंचा फोन आला होता. उद्या तुला उशीर झाला तर त्या काय म्हणाल्यात, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच सोडली." तिने मोजलेलं सगळं सांगितलं. चेंडू सांगितला, पोतं सांगितलं. बाबांनी पुन्हा चाकावर अंगठा दाबून पाहिला.

"म्हणजे इतके दिवस मीच तुला दमवत होतो होय गं?"

"तुम्ही नाही, बाबा. रस्ता बदलला, आणि आपण जुनाच नियम पाळत राहिलो."

बाबांनी पंप भिंतीला टेकवून ठेवला. तो उचलायला त्यांचा हात दोनदा पुढे झाला, दोनदा मागे आला.

शुक्रवारी जिजा बेचाळीस मिनिटांत पोचली. घंटा व्हायची होती. दमलेली होतीच, नऊ किलोमीटर म्हणजे नऊ किलोमीटर. पण हात बधिर नव्हते आणि दुसऱ्या तासाला ती जागी होती. मुलाणीबाईंनी तिच्याकडे दोनदा पाहिलं आणि वसतिगृहाचा कागद खणात टाकला.

परतताना यंत्र त्याच लिंबाखाली थांबलेलं होतं. त्याने विचारण्याआधीच जिजाने त्याला उन्हात ढकललं.

"हवेच्या चाकांसाठी मी अर्ज केला आहे," ते म्हणालं. "उत्तर सहा महिन्यांत येईल. आता मीही अर्जदार. आणि अहवालात एक नवा रकाना जोडला आहे : सायकलवाल्याचा थकवा. आजवर हा रस्ता फक्त ट्रकसाठी मोजत होते. पुढचा रस्ता करताना कुणीतरी तो रकाना वाचेल."

"वाचेल?"

"मी रोज पाठवत राहीन."

घरी बाबा अंगणात वाट पाहत होते. काही न विचारता ते सायकलपाशी बसले, पंपाचे चारच झटके मारले आणि चाकावर अंगठा दाबला.

"इतका बुडू दे का?" त्यांनी विचारलं.

जिजाने आपला अंगठा त्यांच्या अंगठ्याशेजारी ठेवला. "इतकाच."