जवळपासचा श्रोता

हातातल्या प्लेअरवर तिसरी पट्टी उजळली, तशी ती जिन्यातच थांबली. दोन पायऱ्या खाली उतरली – पट्टी विझली. पुन्हा वर चढली – पुन्हा उजळली. म्हणजे चोर वरच आहे तर!

चोर म्हणजे काही पळवून नेणारा नव्हे. पण त्याने तिच्या कालच्या सबंध दिवसाचं मातेरं केलं होतं, आणि त्याला चार शब्द सुनावल्याशिवाय ती आज जेवणार नव्हती.

ती यंत्रांची परीक्षणं लिहायची. कॅमेरा, पंखा, इस्त्री, काहीही नवं बाजारात आलं की त्याचा एक नमुना दुसऱ्या मजल्यावरच्या मासिकाच्या कचेरीत येई. ती तो उलटसुलट तपासून दहापैकी गुण देई. शिक्षण भौतिकशास्त्राचं, हात आखडता, आणि सगळं मोजून पाहायची खोड. कचेरीत तिला सगळे ‘मोजपट्टी’च म्हणत.

या वेळी आला होता तळहाताएवढा म्युझिक प्लेअर. त्याला बटण म्हणून नव्हतं. काचेवर बोट फिरवलं की गाणी पानांसारखी उलटत. वायफाय मिळालं की तो जगभरचे रेडिओ ऐकवायचा. आणि असलाच दुसरा प्लेअर आसपास असला, तर त्याच्याशी परस्पर संधान बांधायचा. तिकडे काय वाजतंय ते दाखवायचा, इकडचं गाणं तिकडे पाठवू द्यायचा. तो दुसरा किती जवळ आहे, हे कोपऱ्यातल्या चार पट्ट्या सांगत. शब्द पाठवायची मात्र सोय नव्हती. फक्त गाणी.

बॅटरीची परीक्षा ती नेहमी एकाच पद्धतीने घेई. व्हायोलिनची एक लांबलचक धून लावायची, पडदा बंद करायचा आणि प्लेअर टेबलाच्या खणात ठेवून द्यायचा. धून संपली की पुन्हा पहिल्यापासून, बॅटरी मान टाकेपर्यंत. आवाजात फारसे चढउतार नाहीत म्हणून तिने ती धून कधीकाळी निवडली होती. ती रडकी आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

काल खण उघडला, तर प्लेअर कंपनीने सांगितलेल्या निम्म्या वेळातच गार पडलेला. चार्ज करून पाहिलं, तर पडद्यावर रांगच रांग – ‘पाहुणा यांनी तुम्हाला गाणं पाठवलं आहे.’ दर गाण्याला पडदा उजळला होता आणि बॅटरी खाऊन विझला होता.

चौथी पट्टी उजळली ती तिसऱ्या मजल्यावर, श्रवणयंत्रांच्या दवाखान्याच्या दारात.

आत पांढऱ्या कोटातला एक तरुण एका आजोबांच्या कानामागे यंत्र बसवत होता.

“आजोबा, आता येतंय ऐकू?”

“येतंय की! ओरडतोस कशाला?”

तो हसत वळला. तिच्या हातातला प्लेअर पाहिला आणि त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं.

“तुम्ही… तुम्हीच का त्या?”

“गाणी तुम्ही पाठवलीत?”

“हो. म्हणजे – ते नंतर. आधी सांगा, तुम्ही बऱ्या आहात ना?”

सुनावायची सगळी वाक्यं तिने जिन्यातच जुळवली होती. या प्रश्नाला त्यात जागाच नव्हती.

“मला काय धाड भरलीये?”

“सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणी तीच एक रडकी धून ऐकत बसलं, तर काळजी नाही वाटणार?”

“म्हणून सर्कशीचा बँड पाठवलात?”

“तो अगदी शेवटी, राहवेना तेव्हा. आधी बासरी पाठवली, पाखरं पाठवली… तुम्ही आपल्या पुन्हा त्याच धुनेवर!”

“मी नव्हते ऐकत. खण ऐकत होता.”

“खण?”

“टेबलाचा. बॅटरीची चाचणी चालली होती, आणि तुम्ही तिची वाट लावलीत.”

तो खुर्चीला धरून असा काही हसत सुटला, की आजोबांनी नव्या यंत्रावर हात ठेवला.

“कोण रडतंय म्हणालास?”

“टेबल, आजोबा.”

तिला हसायचं नव्हतं. पण ओठांच्या कोपऱ्यातून काहीतरी निसटलंच, आणि त्याने ते पाहिलं.

“उद्या माझा प्लेअर बंद ठेवतो,” तो म्हणाला. “नवीन कान आलेल्या लोकांना रस्त्याचे, पाण्याचे आवाज ऐकवायला घेतलाय. एक दिवस जुनी टेप लावेन. पण माझी एक अट आहे.”

“चूक तुमची आणि अटही तुमचीच?”

“ती धून तुम्ही एकदा स्वतः ऐकायची. खणाने नव्हे.”

चाचणी दुसऱ्यांदा झाली आणि बॅटरी चांगली निघाली. मग अट पाळण्यासाठी ती दुपारच्या सुट्टीत गच्चीवर गेली. तो पाण्याच्या टाकीच्या सावलीत दोन चहा घेऊन बसला होता. इअरफोनची जोडी एकच. त्याने उजवा उचलला, डावा तिच्यापुढे धरला.

“मला उजवाच लागतो. डावा कान लहानपणीच संपावर गेला.”

ती काही सहानुभूतीचं बोलेल म्हणून तो वाट पाहत होता की काय, कोण जाणे. तिने विचारलं, “म्हणजे गाण्यात डाव्या बाजूला जे वाजतं, त्यातलं तुम्हाला काहीच ऐकू येत नाही?”

“काहीच नाही. सांगा ना, काय चाललंय तिकडे?”

तिने डोळे मिटले. इतकी वर्षं ही धून तिच्या खणात वाजत होती, आणि आज ती पहिल्यांदा ऐकत होती.

“दुसरं एक व्हायोलिन आहे,” ती हळूच म्हणाली. “खालच्या सुरातलं. पहिल्याला… सांभाळून घेतल्यासारखं.”

डोळे उघडले, तर तो तिच्याकडेच पाहत होता. तिने घाईघाईने चहाचा घोट घेतला. जीभ भाजली.

मग गच्ची रोजचीच झाली. कारण द्यायला परीक्षण होतंच. इंटरनेट रेडिओ तपासायला नको? कुठल्याशा दूरच्या देशातल्या केंद्रावर एक बाई अगम्य भाषेत हवामान सांगे, आणि तो गंभीर चेहऱ्याने तिचा अर्थ सांगे.

“ती म्हणतेय, उद्या गच्चीवर ऊन पडेल. टाकीजवळ सावली राहील. परीक्षकबाईंनी केस मोकळे सोडावेत.”

“हवामानात?”

“वाऱ्याचा अंदाज घ्यायला.”

दुसऱ्या दिवशी ती केस मोकळे सोडून गेली. फक्त वाऱ्याचा अंदाज घ्यायला.

आणि मग गुण द्यायची वेळ आली. तिने आकडा लिहिला आणि स्वतःच दचकली. नऊ. आजवर तिने कुणालाही नऊ दिले नव्हते. तिच्या शब्दावर विसंबून लोक वस्तू घेत होते. तो शब्द सरळ असणं, हीच तिची सगळी कमाई होती. ती उठून संपादकबाईंकडे गेली.

“बाई, हे परीक्षण मला लिहिता येणार नाही.”

“का गं? यंत्र बिघडलं?”

“यंत्र नाही. मी.”

बाईंनी चष्मा खाली घेतला. “मोजपट्टी, नीट सांग.”

“मी याला नऊ दिलेत.”

“तू? अगं, त्या बिचाऱ्या पंख्याला सहा देताना तुझा जीव गेला होता! प्रेमात पडलीस की काय या यंत्राच्या?”

“तेच कळत नाहीये… यंत्राच्या, की –”

कानाच्या पाळ्या तापल्या. बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा वर छताकडे.

“तिसऱ्या मजल्यावर हल्ली तुझी फार कामं निघतात, असं ऐकते,” त्या म्हणाल्या. “शास्त्र शिकलीस ना? मग लाव छडा. अंकासाठी थांबते मी, पण फार नाही.”

छडा लावायची रीत तिला ठाऊक होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

पहिल्या दिवशी तिने निरोप पाठवला, ‘आज काम आहे’, आणि दुपार टळल्यावर प्लेअर घेऊन एकटीच गच्चीवर गेली. तीच टाकी, तीच धून. आवाज स्वच्छ, पण खालचे सूर जरा पोकळ. बोट ओलसर असलं की काच ऐकत नाही. हवामानवाली बाई नुसतीच बोलत राहिली. तिच्या बोलण्याचा काहीच अर्थ लागेना. सात. फार तर सात.

दुसऱ्या दिवशी प्लेअर खणात राहिला. तिने घरून ताईचा स्वयंपाकघरातला रेडिओ आणला. त्याचं एक बटण कधीच हरवलेलं. पकडीने पिळून केंद्र लावावं लागे. “नेतेस तर ने,” ताई म्हणाली होती, “पण कुणाला दाखवू नकोस. घराण्याची अब्रू आहे.”

तो आला, पण आज जरा जपूनच बसला.

“प्लेअर कुठाय?”

“खणात.”

“रडतोय?”

ती पकड फिरवू लागली. खरखर, शिट्ट्या, पुन्हा खरखर. शेवटी एका केंद्रावर कोणी डॉक्टर गुडघ्यांचे व्यायाम सांगताना सापडले.

“उजवा पाय सरळ,” रेडिओ खरखरला.

तिने ऑर्डर सोडली, “चला!”

“मी?”

“चाचणी आहे.”

त्याने निमूटपणे पाय सरळ केला. “आता पंजा आपल्याकडे,” डॉक्टर म्हणाले. त्याने पंजा ओढला, बूट निसटला आणि गच्चीच्या उतारावरून घरंगळत थेट पाणी जायच्या भोकाशी जाऊन बसला. तो लंगडी घालत त्याच्यामागे. ती हसली… इतकी हसली, की पकड हातातून पडली आणि डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की मनातल्या मनात गुण द्यायला बसलेली ती, आकडाच विसरली आहे.

एका पायात बूट आणि एक हातात, असा तो समोर उभा राहिला.

“कसली चाचणी?”

तिने सांगितलं. नऊ गुणांचं, एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचं, सगळंच. खाली पाहत, पण एकही पायरी न गाळता.

“म्हणजे काल मला टाळलंत ते…”

“तुलनेसाठी.”

“तुलनेसाठी!” तो मटकन खाली बसला. “आणि मला वाटलं, माझी बडबड नकोशी झाली. काल दुपारभर मी तीच रडकी धून लावून बसलो होतो. स्वतः. खणाने नव्हे.”

तिने चमकून वर पाहिलं. काल गच्चीवर तिने प्लेअरवरची ‘जवळपासचे श्रोते’ ही यादी एकदा उघडून पाहिली असती तर! परीक्षक म्हणवते आणि एवढं पाहिलं नाही.

“मग?” त्याने हळूच विचारलं. “निष्कर्ष?”

“प्लेअरला सात.”

“आणि वरचे दोन?”

“ते त्याचे नव्हतेच. ते… तुझे होते.”

“दहापैकी फक्त दोन?”

“तसं नाही रे! तुला कशाने मोजायचं, तेच मला माहीत नाही. असं याआधी कधी… झालं नाही.”

रेडिओवरचे डॉक्टर आता डाव्या गुडघ्याकडे वळले होते. त्याने हात लांबवून त्यांचा आवाज लहान केला आणि बूट बाजूला ठेवला.

“मला एवढंच माहीत आहे,” तो म्हणाला, “की ज्या ज्या गाण्याची डावी बाजू माझी राहून गेलीये, ती मला तुझ्याकडून ऐकायचीये. घाई नाही. गाणी पुष्कळ आहेत.”

तिने मान हलवली. मग, हो म्हटलेलं स्पष्ट कळावं म्हणून, पुन्हा एकदा हलवली.

परीक्षण छापून आलं. सात गुण. शेवटच्या परिच्छेदात सक्त ताकीद, की आपण काय ऐकतो ते अनोळखी माणसाला दाखवणारी सोय हा या प्लेअरचा मोठा दोष असून, घेणाऱ्याने ती आधी बंद करावी.

“म्हणजे आपण भेटलो, तो दोष?” अंक हातात धरून त्याने विचारलं.

“मोठा दोष. ठळक अक्षरात घ्यायला लावलाय मी.”

नमुना सकाळीच कंपनीकडे परत गेला होता. टाकीच्या सावलीत आता त्याचा एकच प्लेअर. उजवा इअरफोन त्याच्या कानात, डावा तिच्या, आणि वायर इतकी आखूड, की खांद्याला खांदा लावूनच बसावं लागे. त्याने काचेवर बोट फिरवलं आणि पडदा तिच्यापुढे धरला.

‘जवळपास एकही श्रोता नाही.’

तिने ती ओळ नीट वाचली. खांद्याला खांदा लावून बसलेला श्रोता याला दिसतच नव्हता! मग अंक त्याच्या हातातून ओढून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि सातावर काट मारून सहा केले.

त्याने काही म्हणायला तोंड उघडलं. “गप्प बस आता,” त्याच्या खांद्यावर डोकं टेकत ती म्हणाली. “डावीकडचं येतंय.”